थांबवता येणारा तास

नववीचा गणिताचा तास. फळ्यावर बहुपदीचे अवयव पाडणे सुरू आहे. शिक्षक विचारतात, ‘‘समजले का?’’ वर्ग एका सुरात ‘‘हो’’ म्हणतो. या ‘हो’मध्ये पाच-दहा मुलांचा होकार खरा असतो. काहींना अर्धेच समजलेले असते. मागच्या बाकांवरच्या काहींची गाडी तर सहावीतल्या अपूर्णांकांपाशीच अडकलेली असते. शिक्षकांनाही ते ठाऊक असते. पण समोर पन्नास-साठ मुले, हातात पस्तीस-चाळीस मिनिटे आणि परीक्षेआधी संपवायचा अभ्यासक्रम. फळ्यावरचा धडा सगळ्यांसाठी एकच असतो आणि तो एकाच वेगाने पुढे सरकतो.

मागे पडलेल्या मुलांचे हे अंतर नेमके किती असते, याचे मोजमाप दिल्लीत झाले. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गॅनिमियन या संशोधकांनी २०१५-१६ मध्ये दिल्लीच्या सरकारी शाळांत जाणाऱ्या ६१९ मुलांचा अभ्यास केला. यातली बहुतेक मुले सहावी ते नववीतली होती. सुरुवातीच्या चाचणीतच कळले, की सहावीतला सरासरी विद्यार्थी गणितात आपल्या इयत्तेच्या सुमारे अडीच इयत्ता मागे आहे. नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांवर गेलेले होते. म्हणजे हातात पुस्तक नववीचे, पण गणिताची समज चौथी-पाचवीची. मूल शाळेत येत होते, वर्गात बसत होते, पुढच्या इयत्तेत जात होते. मागे राहिले होते ते फक्त शिकणे.

या मुलांमधून सोडत काढून निम्म्या मुलांना शाळेच्या वेळेबाहेर चालणाऱ्या केंद्रांत मोफत प्रवेश दिला गेला. आठवड्यातले सहा दिवस, रोज दीड तास. त्यातली ४५ मिनिटे संगणकावर ‘माइंडस्पार्क’ नावाच्या सॉफ्टवेअरबरोबर आणि ४५ मिनिटे बारा-पंधरा मुलांच्या गटात एका शिक्षकाबरोबर. सॉफ्टवेअर आधी प्रत्येक मुलाची चाचणी घेई. मूल कोणत्याही इयत्तेत असो, त्याला जिथपर्यंत येते तिथूनच धडे सुरू होत. उत्तर चुकले, की चूक कोणत्या प्रकारची आहे ते पाहून पुढचा प्रश्न दिला जाई.

साधारण साडेचार महिन्यांनी दोन्ही गटांची पुन्हा चाचणी झाली. केंद्रात प्रवेश मिळालेली मुले गणितात आणि हिंदीत दुसऱ्या गटाच्या स्पष्टपणे पुढे होती. संशोधनाच्या भाषेतली ही वाढ सोप्या शब्दांत सांगायची, तर गुणांनुसार शंभर मुलांची रांग केली आणि एखादा मुलगा बरोबर मध्यावर उभा असला, तर गणितात त्याने साधारण चौदा जणांना आणि हिंदीत नऊ जणांना मागे टाकले असते. ही मुले सरासरी ५८ टक्के दिवसच केंद्रात हजर होती, हे लक्षात घेतले तर फरक आणखी ठळक वाटतो. दुसऱ्या गटात मात्र एक बोचरी गोष्ट दिसली. फक्त शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी प्रत्येक इयत्तेतल्या सर्वांत कच्च्या एक-तृतीयांश मुलांची या काळात मोजता येईल अशी काहीच प्रगती झालेली नव्हती. हा अभ्यास २०१९ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

अर्धा पडदा, अर्धा फळा

ऑनलाइन शिक्षण म्हटले, की २०२० चे ते दिवस आठवतात. शाळा बंद होत्या. जगभरातले सुमारे १५० कोटी विद्यार्थी घरी बसल्याचे युनेस्कोने नोंदवले होते. घरात एक फोन आणि त्यावर तीन भावंडांचे तास, नेटवर्कसाठी गच्चीवर किंवा टेकडीवर जाणारी मुले, कॅमेरा बंद करून झोपलेला वर्ग. त्या अनुभवाने ‘ऑनलाइन’ या शब्दाचीच अनेकांना धास्ती बसली. पण ते संकटकाळातले शिक्षण होते. फळ्यासमोरचा तास जसाच्या तसा उचलून फोनच्या पडद्यावर ठेवला होता. वर्गातली ऊब गेली आणि फोनमुळे मिळू शकणारी सोयही हाती आली नाही.

दिल्लीच्या केंद्रांतली मांडणी वेगळी होती. काही काम पडद्यावर, काही काम माणसाबरोबर, आणि कोणते काम कुठे करायचे हे विचार करून ठरवलेले. याला ‘ब्लेंडेड लर्निंग’ म्हणजे मिश्र शिक्षण म्हणतात. त्याचे माध्यमिक शाळेतले एक गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातले आहे. वुडलँड पार्क हायस्कूलमध्ये जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे दोघे रसायनशास्त्र शिकवत. आसपासच्या डोंगराळ भागातून येणारी मुले खेळाचे सामने आणि लांबच्या प्रवासामुळे तासांना मुकत. त्यांच्यासाठी या दोघांनी २००७ च्या सुमारास आपले तास ध्वनिचित्रमुद्रित करायला सुरुवात केली.

गंमत अशी, की वर्गात हजर असलेली मुलेही ते तास पुन्हा पाहू लागली. मग या शिक्षकांच्या लक्षात आले, की मुलाला शिक्षकाची खरी गरज धडा ऐकताना कमी आणि गणित अडल्यावर जास्त असते. नेमके तेव्हाच ते घरी एकटे गृहपाठ करत बसलेले असते. त्यांनी क्रम उलटा केला. धडा घरी पाहायचा. उदाहरणे सोडवणे, प्रयोग आणि शंका वर्गात. शिक्षक फळ्यापासून मोकळे झाले आणि बाकांमधून फिरू लागले. ‘उलटा वर्ग’ म्हणून ही पद्धत पुढे अनेक देशांत पोहोचली.

मेंदूला काय फायदा होतो?

पडद्यावर धडा पाहिला म्हणून मेंदू आपोआप जास्त शिकत नाही. फायदा होतो तो त्यामुळे शक्य होणाऱ्या काही सवयींचा.

पहिली सवय थांबण्याची. नवी माहिती आधी कार्यकारी स्मृतीत येते आणि तिची जागा फार थोडी असते. एकाच वेळी चार-पाच नव्या गोष्टी आल्या, की पहिली निसटते. वर्गात ‘‘सर, थोडे थांबा’’ म्हणायला धीर लागतो. मुद्रित धडा मात्र मूल हवा तिथे थांबवू शकते, मागे नेऊ शकते, तिसऱ्यांदा ऐकू शकते आणि त्यासाठी कोणी हसत नाही. अबोल मुलांसाठी ही मोठी सोय आहे. अट एकच, धडा आटोपशीर हवा. ‘एडएक्स’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर व्हिडिओ पाहण्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासून २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवले, की साधारण सहा मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत लक्ष टिकते आणि लांबी वाढली की ते झपाट्याने ओसरते. तासाभराचे व्याख्यान जसेच्या तसे चढवण्यापेक्षा त्याचे पाच तुकडे केलेले बरे.

दुसरी सवय आठवून पाहण्याची. धडा पुन्हा पुन्हा वाचला, की तो ओळखीचा वाटू लागतो आणि ‘आपल्याला येते’ असा समज होतो. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर याची परीक्षा केली. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदा वाचून नंतर न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केला. पाच मिनिटांनी विचारले, तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले, तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होते आणि आठवून पाहणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. म्हणजे चाचणी हे गुण मोजण्याचे साधन आहेच, शिवाय ते शिकण्याचेही साधन आहे.

साठ मुलांच्या वर्गात रोज पाच प्रश्नांची चाचणी घेऊन तपासणे शिक्षकाला शक्य नसते. फोन किंवा संगणक ते काम क्षणात करतो आणि चूक त्याच वेळी दाखवतो. धड्याच्या मध्येच असे प्रश्न पेरले तर आणखी एक लाभ होतो. हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये एका ऑनलाइन व्याख्यानाचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी ठेवली. चाचणी देणाऱ्यांचे मन भरकटण्याचे प्रमाण इतरांच्या निम्म्यावर आले आणि त्यांनी टिपणेही जास्त काढली.

तिसरी सवय अंतराने उजळणी करण्याची. शिकलेले कसे विसरले जाते, याचा आलेख जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मांडला होता. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो. म्हणून एकाच रविवारी चार तास बसण्यापेक्षा तोच वेळ चार दिवसांत वाटला तर जास्त लक्षात राहते. कोणता घटक कोणत्या मुलाला पुन्हा कधी विचारायचा, याची नोंद वहीत ठेवणे किचकट आहे. सॉफ्टवेअरला ते सहज जमते.

तास बुडणारी मुले

काही मुलांसाठी तर ही पद्धत शाळेचा धागा टिकवणारी ठरू शकते. थॅलेसेमियामुळे दर काही आठवड्यांनी रक्त घ्यायला रुग्णालयात जाणारे मूल, कर्करोगाच्या उपचारांमुळे महिनोन्‌महिने शाळेपासून दूर असलेली मुलगी, दम्यामुळे हिवाळ्यात वारंवार गैरहजर राहणारा मुलगा. यांचे तास बुडतात ते आळसामुळे नव्हे. मधले दोन घटक चुकले, की गणितात तिसरा समजत नाही आणि आजारातून बरे झालेले मूल अभ्यासात मागे पडते. बुडालेला तास घरी पाहता आला, तर ते परतते तेव्हा निदान वर्ग कुठे आहे हे त्याला माहीत असते. आपण अजून शाळेत आहोत ही भावनाही त्या काळात औषधाइतकीच मोलाची असते.

महाराष्ट्रात अशाच तुटलेल्या धाग्याचे दुसरे चित्र ऊसतोडणीचे आहे. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. ते थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. बरोबर गेलेल्या मुलांचे निम्मे शैक्षणिक वर्ष फडावर जाते. फोनवरचा धडा या मुलांच्या हातातला कोयता काढून घेऊ शकत नाही. त्यासाठी वसतिगृह आणि हंगामी सोय लागतेच. पण गावच्या शिक्षकाचा आठवड्यातून एक फोन आणि रोजचा एक छोटा धडा एवढा दुवा राहिला, तर परतल्यावर त्याच वर्गात बसण्याची हिंमत टिकते.

विज्ञानाच्या बाबतीत तर अनेक शाळांना ही मदत हवीच आहे. जिथे प्रयोगशाळेला कुलूप आहे किंवा एक सूक्ष्मदर्शक चाळीस मुलांना पुरवायचा आहे, तिथे प्रयोग शिक्षक करतात आणि मुले पाहतात. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्यात विद्युतमंडल जोडून पाहणे, लंबकाची लांबी बदलणे, अणू रचणे असे खेळासारखे प्रयोग पडद्यावर मोफत करता येतात आणि त्यातले अनेक मराठीतही आहेत. आपल्याकडे सी-डॅक आणि अमृता विद्यापीठाने तयार केलेल्या ‘ओलॅब्स’मध्ये नववी ते बारावीचे प्रयोग आहेत. खऱ्या परीक्षानळीचा वास आणि हाताला लागणारा चटका पडद्यावर मिळत नाही. पण प्रयोगाआधी तो एकदा पडद्यावर करून पाहिला, तर प्रयोगशाळेतला दुर्मीळ तास वाया जात नाही.

फक्त पडदा पुरत नाही

इतके फायदे असतील तर वर्ग, बाक, शिक्षक यांची गरजच काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर अमेरिकेतूनच मिळाले. तिथे काही शाळा पूर्णपणे ऑनलाइन चालतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका केंद्राने २०१५ मध्ये त्यांचा अभ्यास केला. नेहमीच्या शाळांतल्या तशाच मुलांच्या तुलनेत ऑनलाइन शाळांतली मुले वाचनात वर्षाला ७२ दिवसांच्या शिक्षणाइतकी आणि गणितात १८० दिवसांच्या शिक्षणाइतकी मागे होती. तिथले शालेय वर्षच सुमारे १८० दिवसांचे असते. यावरून गणितातले नुकसान किती मोठे, ते समजावे.

याआधी २०१० मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने १९९६ ते २००८ या काळातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला होता. त्यात केवळ ऑनलाइन आणि केवळ वर्गातले शिक्षण जवळपास सारखेच ठरले. दोन्ही एकत्र केलेले मिश्र शिक्षण मात्र वर्गातल्या शिक्षणापेक्षा सरस ठरले. त्याच अहवालात एक सावध सूचनाही होती. मिश्र वर्गातल्या मुलांना बहुतेकदा जास्त वेळ आणि जास्त साहित्यही मिळालेले होते, त्यामुळे श्रेय एकट्या तंत्रज्ञानाला देता येत नाही. शिवाय त्यातले बहुतांश अभ्यास मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांवरचे होते, शालेय मुलांवरचे फार थोडे.

माणसाचा वाटा किती, हे आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशात करोनाकाळात दिसले. तिथे प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या साडेचार हजारांवर कुटुंबांना सहभागी केले गेले. काही घरांना दर आठवड्याला गणिताची उदाहरणे एसएमएसने पाठवली. काही घरांना एसएमएसबरोबर शिक्षकांचा साधारण वीस मिनिटांचा फोनही केला. नुसत्या एसएमएसने फारसा फरक पडला नाही. फोन आलेल्या घरांतली मुले मात्र गणितात पुढे गेली. स्मार्टफोन नाही, इंटरनेट नाही, साधा फोन आणि पलीकडे विचारपूस करणारा शिक्षक. एवढ्यानेही काम झाले.

दिल्लीच्या अभ्यासातही एक मर्यादा दिसली आणि ती पालकांनी समजून घेण्यासारखी आहे. गणितातली प्रगती प्रामुख्याने खालच्या इयत्तांच्या प्रश्नांत होती, कारण मुले तिथूनच शिकत होती. शाळेच्या गणिताच्या परीक्षेत तितका फरक उमटला नाही. म्हणजे पाया भरला जात होता, पण त्यावरचा मजला चढायला साडेचार महिने अपुरे होते. दहावीच्या जानेवारीत ॲप विकत घेऊन मार्चमध्ये चमत्काराची अपेक्षा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आठवीत सुरुवात केली, तर हाताशी दोन वर्षे असतात.

फोन घरात आला, पण कोणाच्या हाती?

महाराष्ट्रात या दिशेने काही पावले आधीच पडली आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. तो फोनने टिपला, की त्या धड्याची चित्रफीत किंवा कविता ऐकता येई. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत हे कोड आले आणि डिसले यांना २०२० चे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. त्याआधी २०१७ मध्ये केंद्र सरकारचा ‘दीक्षा’ हा मंच सुरू झाला होता. बालभारतीची पुस्तकेही मोफत उतरवून घेता येतात. म्हणजे महागड्या ॲपची वर्गणी न भरता सुरुवात करता येईल एवढे साहित्य उपलब्ध आहे.

अडचण आता वेगळ्याच जागी आहे. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत देशातल्या २६ राज्यांमधल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या सुमारे ३५ हजार ग्रामीण मुलामुलींना भेटले गेले. जवळपास ९० टक्के घरांत स्मार्टफोन होता. पण तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण निम्म्याहून अधिक मुलांना सोडवता आले नाही. फोन पोहोचला, भागाकार पोहोचला नाही. आणखी एक आकडा मुलींबाबतचा आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण सुमारे २० टक्के. घरातला एकुलता फोन वडिलांच्या किंवा भावाच्या खिशात असेल, तर ‘धडा घरी पाहून या’ हा गृहपाठ मुलीला कसा जमणार? म्हणून मिश्र शिक्षणाचा पडद्यावरचा भाग शाळेतच, संगणक कक्षात किंवा शाळा सुटल्यावरच्या तासात ठेवणे अधिक न्याय्य ठरते. दिल्लीतले केंद्रही घराबाहेरच होते.

डोळे, झोप आणि मैदान

पडद्याचा शरीरावरचा भार नजरेआड करून चालणार नाही. पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, डोके दुखते. त्यावर नेत्रतज्ज्ञ सांगतात तो नियम सोपा आहे. दर २० मिनिटांनी, किमान २० फूट दूरच्या वस्तूकडे, २० सेकंद पाहावे. लहान वयात घराबाहेरचा उजेड लघुदृष्टी टाळायला मदत करतो, हे चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या प्रयोगाने दाखवले. तिथे पहिलीतल्या मुलांना रोज ४० मिनिटे जास्त बाहेर नेले. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या सुमारे ३० टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती, तर इतर मुलांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते.

झोपेचा प्रश्न किशोरवयात अधिक नाजूक असतो. या वयात शरीराचे घड्याळ मुळातच उशिराकडे सरकते. झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते. त्यात झोपण्याआधी उजळ पडद्यावर वाचले, तर ते आणखी सुमारे दीड तास लांबते, असे २०१५ मधल्या एका छोट्या पण काटेकोर प्रयोगात आढळले. तेराव्या ते अठराव्या वर्षांपर्यंत आठ ते दहा तास झोप हवी. दिवसा शिकलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच चालते. त्यामुळे रात्री अकरापर्यंत ऑनलाइन धडे पाहणारा मुलगा एका हाताने मिळवतो आणि दुसऱ्या हाताने घालवतो.

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये दिलेल्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत नववी ते बारावीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे चारच ऑनलाइन तास असावेत, असे म्हटले होते. तेव्हा शाळा बंद होत्या. आता शाळा सुरू असताना पडद्यावरच्या अभ्यासाला त्याहून कितीतरी कमी वेळ पुरेसा आहे. जागतिक आरोग्य संघटना १७ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी रोज सरासरी तासभर व्यायाम किंवा मैदानी खेळ सुचवते. तो तास पडद्याने खाता कामा नये.

घरी आणि शाळेत काय करता येईल?

सुरुवात छोटी असावी. एक विषय, शक्यतो गणित किंवा विज्ञान. दिवसाला एक पाच-सात मिनिटांचा धडा आणि त्यावर पाच प्रश्न. धडा पाहताना समोर वही-पेन हवे. धडा संपला, की फोन उलटा ठेवून आठवेल ते वहीत लिहायचे आणि मग तपासायचे. समाजमाध्यमांच्या सूचना त्या वेळेपुरत्या बंद ठेवायच्या. अभ्यास दिवाणखान्यात, जेवणाआधी संपलेला बरा. झोपण्याच्या तासभर आधी फोन दुसऱ्या खोलीत गेलेला असावा.

मूल मागे पडले असेल, तर त्याला खालच्या इयत्तेचा धडा पाहू द्यावा आणि त्यावर टोमणे मारू नयेत. ‘‘नववीत आहेस आणि पाचवीचे अपूर्णांक पाहतोस?’’ हे एक वाक्य सगळ्यावर पाणी फिरवते. पाचवीचे अपूर्णांक आले, तरच नववीची बहुपदी येईल. आई-वडिलांना गणित येत नसले तरी चालते. ‘‘आज काय अडले?’’ एवढे रोज विचारले तरी पुरेसे असते. अडलेले वहीत लिहून ठेवायला लावावे आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांना दाखवायला सांगावे.

शाळेसाठी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्या पाच प्रश्नांची उत्तरे. तास सुरू होण्याआधी शिक्षकांनी ती पाहिली, तर कोणत्या प्रश्नावर निम्मा वर्ग अडला आणि कोणत्या मुलांची चूक त्याहून खालच्या इयत्तेतली आहे, हे त्यांच्यापुढे असते. मग त्या दिवशी पहिली दहा मिनिटे नेमक्या त्या प्रश्नाला देता येतात. ज्यांना आले आहे ती मुले पुढची उदाहरणे सोडवतात आणि शिक्षक मागच्या बाकावर जाऊन बसू शकतात. तिथल्या मुलाला ‘‘समजले का?’’ असे विचारायची गरज उरत नाही. कुठे अडले आहे ते दोघांनाही ठाऊक असते आणि शिकवणे तिथून सुरू होते.